मठाचं दळण

आपल्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे काय आहे, असं तुम्ही दोघांनी मागच्या सुट्टीत विचारलं होतं, आणि आजोबांनी “कापसाचं गोदाम” असं सांगून तुमची बोळवण केली होती. ते उत्तर खोटं नव्हतं, फक्त फार जुनं होतं. ती उंच, लांबट, कौलारू इमारत एका जिनिंगवाल्याची. तिच्यात एके काळी छपरापर्यंत कापूस भरलेला असे. त्याचा धंदा बसल्यावर ती जागा पडून राहिली, आणि मग नागपूरहून काही सिस्टर रेल्वेनं वर्ध्याला उतरून, बैलगाडीत सामान घालून तिथे राहायला आल्या. दोघी-तिघी परदेशी होत्या, बाकीच्या दक्षिणेकडच्या. गोदामाचं त्यांनी प्रार्थनाघर केलं. वाऱ्याच्या दिवसांत अजूनही वरच्या लाकडांतून कापसाचा एखादा पुंजका तरंगत खाली येतो आणि प्रार्थना करणाऱ्या सिस्टरच्या डोक्यावर बसतो, असं मी ऐकून आहे. मागे लिंबाच्या झाडाखाली त्या पहिल्या सिस्टरांच्या कबरी आहेत. एका परदेशी सिस्टरनं इथे द्राक्षाचे वेल लावून पाहिले होते. आपल्या उन्हानं ते जगू दिले नाहीत. त्या मांडवावर आता दोडकी आहेत.

तुम्हाला ते गोदामच वाटलं यात नवल नाही, कारण तिथून फारसा आवाज येत नाही. पहाटे घंटा होते, दुपारी होते, संध्याकाळी होते. एरवी शांतता. मी ज्या सिस्टरांच्या शाळेत इंग्रजी शिकले, त्या दिवसभर पट्टी घेऊन आमच्यामागे असत. या तशा नव्हेत. या शाळा चालवत नाहीत, दवाखाना चालवत नाहीत, सहसा भिंतीबाहेरही येत नाहीत. दिवसातून सात वेळा एकत्र प्रार्थना, मधल्या वेळात काम, जेवताना कुणीतरी एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. संध्याकाळी थोडा वेळ मात्र बोलायची मोकळीक असते. तेव्हा भिंतीपलीकडून असा काही हास्याचा धबधबा येतो, की आजोबा टीव्हीचा आवाज वाढवतात.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी या मठात इंग्रजी शिकवायला जाऊ लागले. मठात नव्यानं येणाऱ्या मुली निरनिराळ्या राज्यांतून येतात आणि त्यांचे बरेचसे धर्मग्रंथ इंग्रजीत असतात. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी, ऊन जरा कलल्यावर, मी फाटकातून आत जाते. एका खोलीच्या मधोमध लाकडी जाळी आहे. जाळीच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे मुलींची बाकं. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, आपण बँकेच्या खिडकीशी बसून शेक्सपिअर शिकवणार आहोत की काय. मग जाळी दिसेनाशी झाली. डोळ्यांना सवय लागते.

आजोबांना या शिकवणीची मोठी गंमत वाटे.

“त्या देवाशी कोन्त्या भाषेत बोलतात?” त्यांनी विचारलं.

“बराच वेळ गप्पच बसतात,” मी म्हणाले.

“मंग तुही काय गरज? गप्प बसणं तं लग्नापासून मीच शिकून राह्यलो. मले पाठव.”

मठातल्या दोघीतिघींची ओळख करून देते, म्हणजे पुढचं समजेल. मदर म्हणजे मठाच्या प्रमुख. मंगळूरकडच्या, ताठ पाठीच्या, माझ्याशी नेमक्या इंग्रजीत बोलणाऱ्या. दुसरी फाटकावरची सिस्टर. मठात एखादीला बाहेरची कामं नेमून दिलेली असतात. बाजार, बँक, पोस्ट सगळं तीच पाहते. ही मूळची केरळची. मराठी शिकली ती बाजारात भाजीवाल्या बायांकडून, त्यामुळे तिच्या तोंडी पुस्तकातला एक शब्द नाही. मला उशीर झाला की पांढऱ्या झग्यातली ती गोल चष्म्याची बाई कमरेवर हात ठेवून म्हणे, “काऊन मॅडम, घड्याळ विकलं का?”

आणि तिसरी, जिच्याबद्दल मी हे लिहिते आहे, ती मुलगी. आपल्याच जिल्ह्यातली, आर्वीच्या पलीकडच्या जंगलालगतच्या गावची. घर गोंडांचं. आजी घरात गोंडीच बोले, बाप जंगलखात्याच्या कामावर जाई, आणि आई मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. त्यामुळे मुलगी चर्चच्या अंगणातच वाढली. मठात याआधी दूरदूरच्या मुली आल्या होत्या, पण वर्धा जिल्ह्यातली ही पहिली. मठात येताना बापानं तिला एकच सांगितलं होतं, “नाई जमलं तं घरी येजो. पोरगा पाहून ठेवला हाये.” हे ती मला हसत सांगे. पण ते हसणं लवकर संपायचं. तिला घरी जायचं नव्हतं.

मठात आलेल्या मुलीला लगेच सिस्टर करून घेत नाहीत. आधी काही वर्षं ती राहून बघते आणि मठ तिला बघतो. मग एक दिवस सगळ्या सिस्टर जमतात आणि तिला व्रतं द्यायची की घरी पाठवायचं, यावर कौल घेतात. कौल घ्यायची रीत मोठी मजेची आहे. प्रत्येकीला एक पांढरी चवळी आणि एक काळा उडीद मिळतो. पांढरा दाणा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार. एक दाणा लाकडी पेटीत टाकायचा, दुसरा बाजूच्या भांड्यात. मठात पूर्वी एक आंधळी म्हातारी सिस्टर होती. पेटीत पडणाऱ्या दाण्याच्या आवाजावरून चवळी की उडीद हे तिला ओळखू येई, आणि तिच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना. तेव्हापासून पेटीच्या तळाशी कापूस अंथरतात. तो कापूसही कुठला, तर आजूबाजूच्या शेतांतला. आपल्याकडे सीतादही करून, म्हणजे शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून, कापसाची पहिली वेचणी करतात ना, त्या वेचणीतला ओंजळभर कापूस काही बाया मठाच्या फिरकीत आणून ठेवतात. फिरकी म्हणजे भिंतीत बसवलेलं गोल फिरतं कपाट. बाहेरून वस्तू ठेवायची, आतून कुणी ते फिरवून घेतं. देणारी आणि घेणारी एकमेकींना दिसत नाहीत.

आणखी एक. कौल झाला की पेटीतले आणि भांड्यातले सगळे दाणे एकत्र करून त्याच रात्री आमटीत शिजवतात. कुणी किती काळे टाकले हे पुढे कधी कुणाला मोजता येऊ नये म्हणून. शिजवलेली मतं! आपल्या कॉलेजच्या निवडणुकांत ही रीत असती तर किती भांडणं वाचली असती, असं मला वाटून गेलं.

त्या मुलीचा कौल महिन्याभरावर आला होता. मदरना ती आवडे, पण तिचा भरवसा वाटत नसे. मौनाच्या वेळेत तिला हसू फुटे. तिच्या हातून ताटल्या फुटत. एकदा माकड दिसलं म्हणून ती प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर आली होती. मदर मला म्हणाल्या होत्या, “मुलगी सोन्यासारखी आहे. पण ही भिंत तिला पेलेल का, हे मला कळत नाही.” काही सिस्टरांना तेवढंही वाटत नव्हतं. फाटकावरच्या सिस्टरनं मला हळूच सांगितलं, “दोन-तीन काळे तं पक्के हायेत, मॅडम. तिनं या महिन्यात नीट राह्यलं पाह्यजे.”

आता दळणाकडे येते.

मठाचं मुख्य काम म्हणजे होस्ट करणं. चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या वेळी भाविकांना जी पातळ पांढरी गोल चकती देतात, ती होस्ट. वर्धा, पुलगाव, हिंगणघाट आणि त्याहूनही लांबच्या चर्चना ती या मठातून जाते. पीठ पाण्यात कालवायचं, दोन तापलेल्या लोखंडी पत्र्यांमध्ये ओतून दाबायचं, की कागदासारखी शुभ्र पोळी निघते. तिच्यातून गोल चकत्या कापतात. उरलेली कात्रणं फिरकीतून बाहेर येतात, आणि आपल्या कॉलनीतली पोरं ती पापडासारखी कुरकुरत खातात. तुमची आईसुद्धा लहानपणी खायची. यात गहू आणि पाणी, याशिवाय काही चालत नाही. मीठ नाही, तेल नाही, दुसऱ्या धान्याचा कणही नाही.

गहू मठाच्याच विहिरीवरचा, पण दळायला रस्त्यापलीकडच्या चक्कीवर जातो. आपल्याकडे चक्कीवर आधी ज्वारी दळलेली असते, मग हरभरा, मग कुणाची मिरचीसुद्धा. म्हणून मठाचं दळण आलं की चक्कीवाला आधी जातं उघडून झटकतो, मग पहिलं थोडं पीठ बाजूला काढतो आणि त्यानंतरचं मठाच्या डब्यात भरतो. मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या सासूबाई एकादशीची भगर दळायला पाठवायच्या तेव्हा हेच सोपस्कार असत, आणि चक्कीवाल्याशी हुज्जत वेगळी.

त्या आठवड्यात फाटकावरची सिस्टर एसटीतून उतरताना पाय मुरगळून बसली होती. सणाच्या होस्टची मागणी आलेली. मदरनी नाइलाजानं त्या मुलीला चक्कीवर धाडलं. रस्ता ओलांडला की चक्की, कुणाला काळजी वाटली नाही. चक्कीवर तिच्या मागे एक शेतमजूर बाई उभी होती. कडेवर मूल, हातात ज्वारीची पिशवी. लाइन, म्हणजे वीज, जाण्याची वेळ झाली होती, आणि एकदा गेली की दुपारपर्यंत यायची नाही. त्या बाईला कामावर जायचं होतं. मुलीनं तिला पुढे जाऊ दिलं. ज्वारी दळून झाली, तेवढ्यात दिव्यानं डोळे मिचकावले. चक्कीवाला म्हणाला, “सिस्टर, जातं झटकत बसलो तं आज तुमचं दळण होत नाई.” ती म्हणाली, “राहू द्या ना काका, टाका तसंच.” पहिलं पीठ वेगळं काढायचंही राहून गेलं. पिठाचा डबा डोक्यावर घेऊन ती खुशीत परत आली. आपण एका बाईचा दिवस वाचवला, असं तिला वाटत होतं.

तिच्या घरी गव्हात मूठभर ज्वारी मिसळली तर त्याला कुणी नावं ठेवत नाही. उलट पीठ पुरवठ्याला येतं. तिच्या दृष्टीनं ज्वारी म्हणजे अन्नच. ती गव्हात मिसळली तर काही मोडतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

होस्ट भाजले गेले, कापले गेले, पाकिटांत भरून एसटीनं आणि मोटरसायकलींनी रवाना झाले. त्यानंतर कात्रणं गोळा करताना तिला एका तुकड्यात बारीक लालसर ठिपके दिसले. तिनं तो तुकडा उजेडात धरला. दुसरा घेतला. त्यातही होते.

हे तिनं मदरना सांगितलं नाही. शुक्रवारी ती माझ्यासमोर जाळीपलीकडे बसली, पुस्तक उलटं धरून. बाकीच्या दोघींना मी निबंध लिहायला दिला होता. ती जाळीला तोंड लावून अगदी हळू म्हणाली, “मॅडम, त्याच्यात ज्वारी गेली तं चालत नाई का?”

मला आधी कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. चक्की, बाई, लाइन, ठिपके.

“कुणाला दिसलं आहे का?” मी विचारलं.

“नाई. कोनालेच नाई.”

“मग?”

“कौल पंधरवड्यावर आला,” ती म्हणाली.

बाकी तिनं सांगायची गरज नव्हती. सांगितलं तर पाकिटं परत मागवावी लागणार, ऐन सणात चर्चना फोन करावे लागणार, मठाचं नाव जाणार, आणि जिच्यावर आधीच भरवसा नाही तिच्या वाट्याला काळे दाणे येणार. नाही सांगितलं तर कुणालाही कधी कळणार नव्हतं. मूठभर ज्वारी ती काय.

मला तिची कीव आली, आणि मी तिला सासूबाईंची गोष्ट सांगितली. एका महाशिवरात्रीला भगरीच्या पिठात ज्वारी आली होती. थालीपीठ खाऊन झाल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. आम्ही सगळे धास्तावलो. घरात त्यांच्या उपासांचा केवढा दरारा! त्या शांतपणे हात धुऊन म्हणाल्या, “उपास माझा होता, ज्वारी चक्कीची. महादेवाला दोन्ही कळतं.” आणि वामकुक्षीला गेल्या.

मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. निबंध लिहिणाऱ्या दोघींनी वर पाहिलं. मला वाटलं, हलकं झालं तिचं मन. पण हसू ओसरल्यावर ती म्हणाली, “तुमच्या सासूनं ते स्वतः खाल्लं होतं, मॅडम. मी दुसऱ्याइले वाटलं.”

मी माझं पुस्तक मिटलं.

थोडा वेळ ती बाकाच्या कडेवर नख ओढत बसली. मग म्हणाली, “रोज प्रार्थनेत देवाले भाकर मागतो आपन. आमच्या घरी भाकर म्हनजे ज्वारीचीच. मंग देवाले गहूच काऊन लागते, हे मले समजत नाई. पन हा नेम माहा नाई. लोकं त्या नेमावर भरवसा ठेवून तोंड उघडतात.” आणि तास संपायची वाट न पाहता ती उठली. मदरच्या खोलीकडे जाणाऱ्या पडवीत तिची पावलं ऐकू आली. मौनाच्या वेळी चालतात तशी ती चालत नव्हती. धावतच होती.

पुढचं मला फाटकावरच्या सिस्टरनं सांगितलं. मदरनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि शाबासकीही दिली नाही. “आता फोन,” एवढंच म्हणाल्या. फाटकाजवळच्या खोलीत बसून त्यांनी एकेका चर्चच्या फादरना स्वतः फोन केला. हे कुणाच्या हातून झालं, हे एकालाही सांगितलं नाही. “आमच्या मठाकडून चूक झाली” हेच वाक्य पुन्हापुन्हा. एक फादर हसले. एक चांगलेच तापले. एका गावात काही चकत्या मिस्सात वापरूनही झाल्या होत्या. वरून, बिशपांकडून, निरोप आला की एवढ्याशा भेसळीनं झालेली मिस्सा वाया जात नाही, मात्र उरलेल्या वापरू नका.

मग सगळा मठ कामाला लागला. लंगडत लंगडत फाटकावरची सिस्टर स्वतः चक्कीवर जाऊन बसली. चक्कीवाल्यानं सकाळी लाइन येताच पहिलं दळण मठाचं काढलं आणि जातं इतकं झटकलं, की रांगेतल्या बाया खोकू लागल्या. “बस ना आता,” त्यातली एक म्हणाली, “त्या दगडाचीच भुकटी करतं का?”

पण चक्कीवरची गोष्ट चक्कीवर राहत नाही. मंगळवारी मी शिकवायला गेले, तर फाटकात तीच शेतमजूर बाई उभी, कडेवर तेच मूल. दरवर्षी फिरकीत कापूस आणून ठेवणाऱ्यांपैकी ती एक. चेहरा लाल.

“सिस्टर,” ती म्हणत होती, “माह्या ज्वारीनं तुमचा देव बाटला म्हनतात. खरं हाये का?”

“बाटला” या शब्दामागे आपल्याकडे काय काय आहे, ते तुम्हाला तिकडे बसून कळायचं नाही. तिच्या आजीला कोणकोणत्या विहिरींवर हा शब्द ऐकावा लागला असेल, ते मला ठाऊक आहे. फाटकावरची सिस्टर दुखरा पाय ओढत पुढे आली. मग म्हणाली, “देव कायले बाटते व बाई? आमचा नेम मोडला, तेवढंच.”

“नेम मोडला म्हन्जे ज्वारीच वाईट ना?”

तेवढ्यात जाळीच्या दारातून ती मुलगी पुढे आली. बाहेरच्यांशी असं बोलायची तिला परवानगी नव्हती, आणि मदर पडवीत उभ्या होत्या, हे तिला दिसत होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “तुमची ज्वारी चांगली हाये. मी घरी असती तं तिचीच भाकर खाल्ली असती. चूक माही हाये. ते दळण माह्या एकटीचं नव्हतं, अन् मी ते माहंच समजली. तुमाले पुढे जाऊ दिलं, त्यात काही चुकलं नाई. पुन्हा आल्या तं पुन्हा जाऊ देईन. पन मंग मी थांबीन. लाइन येईपर्यंत थांबीन.”

बाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. “तू कोन्या गावची व?”

मुलीनं गाव सांगितलं. बाईचा आवाज उतरला. तिच्या नणंदेचं सासर त्याच बाजूला निघालं. मग पोराला दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, “मंग ते वापस आलेले पापड वाया घालवू नका. आमच्या लेकराइले द्या.” त्या दिवशी परत आलेली पाकिटं फिरकीतून भराभर बाहेर गेली, आणि संध्याकाळपर्यंत त्या वस्तीतलं प्रत्येक पोर काहीतरी कुरकुरत होतं.

मदरनी फक्त, पुढच्या आठवड्यापासून शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी करायची, असं सांगितलं. स्वतः जन्मभर भात खाल्लेल्या बाई! भाकरी थापणार कोण, तर ती मुलगी. मठात दुसऱ्या कुणाला येतच नव्हती. फाटकावरच्या सिस्टरनं एकदा थापून पाहिली तर तव्यावर केरळचा नकाशा उतरला, असं तीच सांगे.

कौलाच्या आदल्या दिवशी फाटकावरची सिस्टर आपल्या घरी आली. ओट्याशी बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “मॅडम, बरबटी असन तं द्या थोडी. पांढरी. आमच्याले भुंगे लागले.” बरबटी म्हणजे आपली चवळी. मी डबा काढला. ती काय कामासाठी नेते आहे, हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे तिलाही. मी ताटात चवळी पसरली आणि निवडायला बसले. माझ्या हाताला निवडताना शिस्त लागते, तुम्हाला ठाऊकच आहे. भोक पडलेला दाणा बाजूला, सुरकुतलेला बाजूला.

आजोबा वर्तमानपत्राआडून पाहत होते. “मतदार याद्या तपासून राह्यली का?”

“तुम्ही वाचा तुमचं.”

“मी म्हन्तो, काळे दाणे मांगितले नाई का सिस्टरनं?”

“ते हायेत आमच्याकडं, भाऊ,” सिस्टर म्हणाली. “ते कधीच कमी पडत नाईत.”

कौलाच्या दिवशी, शुक्रवारी, शिकवणी नव्हती. मठाचा आणखी एक नेम होता, तो मला चैन पडू देत नव्हता. नकार आला तर मुलीनं त्याच दिवशी, संध्याकाळच्या घंटेआधी मठ सोडायचा. निरोपाचे हुंदके प्रार्थनेत नकोत, म्हणून. मी दुपारभर मागच्या अंगणात काही ना काही करत राहिले. भिजत घातलेल्या गोधड्या धुतल्या, तुळशीची माती बदलली. फाटकाशी ऑटो थांबला की माझा हात थांबे. एक ऑटो आला तो शेजारच्यांकडचा पाहुणा निघाला. दुसरा नुसताच वळून गेला.

मला काय वाटत होतं, हे नीट सांगते. ती राहावी असं मला वाटत होतं, पण कशासाठी, हे मला कळत नव्हतं. मी संसारातली बाई. भिंतीआडचं आयुष्य मी निवडलं नसतं, आणि तुमच्या आईनं निवडलं असतं तर मी रडून गोंधळ घातला असता. घरी गेली असती तर तिचं लग्न झालं असतं, पोरंबाळं झाली असती, आणि त्यातही ती सुखी झाली असती. तरीसुद्धा ज्या जागेचा नेम राखायला ती तिथलं आपलं राहणंच पणाला लावून धावत गेली होती, ती जागा तिचीच आहे, असं मला पटलं होतं. एखादीचं घर कोणतं, हे कधीकधी असंच कळतं.

संध्याकाळची घंटा झाली. घंटेच्या आवाजावरून काही समजत नाही, ती रोज सारखीच वाजते. प्रार्थना संपली असेल, इतका वेळ गेला. मग फाटकावरच्या सिस्टरनं भिंतीवरून हाक मारली, “मॅडम, फिरकीशी या.” काळोख पडत आला होता. मी गेले. फिरकी आतून करकरत वळली. तिच्यात झाकलेला वाडगा होता, आणि वाडग्यावर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

फडकं गरम होतं. मी ते उघडलं. ज्वारीची भाकरी. मोठी, पातळ, कडेपर्यंत सारखी, पापुद्रा सुटलेली, नुकतीच तव्यावरून उतरलेली.

मी भिंतीशी तशीच उभी राहिले. पलीकडे कुणीतरी होतं, श्वास ऐकू येत होता. मौनाची वेळ सुरू झाली होती, त्यामुळे मी काही विचारलं नाही. पण हसू दाबल्यावर येतो तसा एक आवाज आला, आणि तो मी जाळीपलीकडून कितीतरी वेळा ऐकला होता.

घरी आल्यावर आजोबांनी वाडग्यावरचं झाकण काढलं. आमटीत चवळी होती, उडीद होते, वर लसणाची फोडणी. त्यांनी चष्मा लावला आणि चमच्यानं दाणे इकडेतिकडे सारू लागले.

“काय करताय?”

“उडीद जास्त दिसून राह्यले मले.”

“सगळेच दाणे एकत्र शिजवतात. कळायचं नाही.”

“मंग कसं समजलं तुले, का ती राह्यली?”

मी भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या ताटात ठेवला. त्यांनी तो आमटीत बुडवला, खाल्ला आणि चमचा बाजूला ठेवला.

“ही सिस्टरच्या हातची नव्हे,” ते म्हणाले. “सिस्टर तं केरळ काढते.”

मग आम्ही जेवलो.